तेजाबाच्या खोलीचा पंखा

नाना त्या खोलीतून हसत बाहेर आले होते. इतकी वर्षं झाली, तरी माझं मन तिथंच अडकतं. माणूस हसत बाहेर येतो, चूळ भरतो, मांडी घालून भाकरी खातो आणि दिवस मावळायच्या आत त्याचे ओठ जांभळे पडतात. मी डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर कुणी शपथेवर सांगूनही मला ते खरं वाटलं नसतं.

मी जळगावला आलो तो पिंपळनेरच्याही पलीकडून. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली नाही, कुणी काढलंही नाही; सुट्टी लागली, कामाला गेलो आणि सुट्टी संपली तरी काम संपलं नाही. वीटभट्टी झाली, दोंडाईच्याला मिरचीच्या खळ्यावर दोन हंगाम झाले. असं करत करत विशी ओलांडली आणि कुणाच्या तरी ओळखीने जळगावच्या सराफ बाजारामागच्या गल्लीत, सोनं गाळून देणाऱ्या एका शेठकडे येऊन पडलो. सोन्याच्या धंद्यात परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. माझ्या सात पिढ्यांत कुणी सोनं गाळलेलं नाही, अंगावर घातलेलंही नाही. तरी त्या माणसाने मला ठेवून घेतलं, माडीवर झोपायला जागा दिली आणि वर्षभरात मागच्या दाराची किल्ली हातात दिली. ती किल्ली मी रात्री करगोट्याला बांधून झोपायचो. हरवेल की काय, आणि हरवली तर हे लोक काय म्हणतील, या धास्तीने मध्येच उठून चाचपायचो. शेठचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पुढे जे लिहितो आहे ते वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

गाळणीची खोली मागे होती. लोक मोडीत काढलेले दागिने, जुन्या पाटल्या, तुटक्या साखळ्या सराफांकडे देतात. त्यातलं तांबं, चांदी वेगळी काढून निखळ सोनं करायचं काम आमच्याकडे यायचं. त्यासाठी आधी त्या सोन्यात मुद्दाम आणखी चांदी मिसळून ते वितळवायचं आणि मग तेजाबात, म्हणजे जहाल ॲसिडात, उकळायचं. तेजाब चांदी, तांबं सगळं खाऊन टाकतं, सोन्याला हात लावत नाही. भांड्याच्या तळाशी विटकरी भुकटीसारखं सोनं उरतं. पण तेजाब ते खाताना जो धूर सोडतं, तो तांबूस, जड, गंजासारखा धूर. नाकात गेला की आधी गोडसर वाटतो आणि मग घशात ओरखडा काढतो.

हे काम नाना करायचे. मूळ धरणगावचे, साठीला टेकलेले, अंगाने काटक. त्यांनी मला अहिराणीत हाक मारली तेव्हा जळगावात आल्यापासून पहिल्यांदा माझा श्वास मोकळा झाला होता. "ये रे भो, बस अठे," म्हणाले, आणि मी बसलो तो बसलोच. सगळं त्यांनीच शिकवलं. पहिलं शिकवलं ते असं की या खोलीत वारं नको. सोनारकामाच्या जागेत पंखा लावत नाहीत, खिडकी उघडत नाहीत. जळगावचा उन्हाळा असला तरी नाही. वाऱ्याने कण उडतो. हात धुवायचे ते एकाच घंगाळात, आणि ते पाणी फेकायचं नाही. कपाळाचा घाम पुसायचा तो एकाच फडक्याने, आणि ते फडकं दिवाळीआधी जाळून त्याची राख गाळायची. जमिनीचा केर डब्यात साठवायचा. गल्लीत झारेकरी यायचे, ते आमच्या गटारातली मातीसुद्धा धुवून नेत. नाना घरी जाताना दारात उभे राहून धोतर झटकायचे, तेही आतल्या बाजूला.

"इतलंसं बी जावाले नको," ते बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवायचे. "लोकस्नं सोनं शे. आपलं काय, आपला फक्त हात शे."

तो हातच त्यांची अब्रू होती. चाळीस वर्षांत त्यांच्या हातच्या गाळणीत घट आली असं कुणी म्हटलं नव्हतं.

पण छाती गेली होती. खोकला सुरू झाला की ते भिंत धरायचे. त्या हिवाळ्यात इतकं झालं की शेठनी स्वतः त्यांना डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी फोटो काढला, छातीला नळी लावली आणि विचारलं, "काम काय करता?" नानांनी सांगितलं. डॉक्टर शेठकडे बघून म्हणाले, "क्षय नाही. पण हा धूर थांबला नाही तर पुढचा हिवाळा हे बघतील याची खात्री मी देत नाही."

बाहेर आल्यावर शेठ म्हणाले, "नाना, आता घरी बसा. मी बघेन तुमचं."

नाना म्हणाले, "घर बशी करू काय? भिंती मोजू?" आणि मग हळू, "शेट, मले दुसरं काय येस?"

म्हणून पंखा. शेठसारख्या माणसाने गाळणीच्या खोलीत पंखा लावायला हो म्हणावं, याचं सगळ्या गल्लीला नवल वाटलं. शेजारचे एक सराफ ओट्यावरून ओरडले, "शेठ, पंख्याच्या पलीकडचं घर आम्हाला भाड्याने द्या! छपरावर सोनं पडेल!"

वायरमनभाऊ आले. जळगावातच वाढलेले, खिशात टेस्टर, कानाला पेन्सिल, तोंडात सतत सुपारी. त्यांनी टेप काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. लांबी बारा फूट, रुंदी दहा, उंची दहा.

"किती झाले?"

मी घाबरलो. हिशेबाचं कुणी विचारलं की मी अजून बोटं मोजायला लागतो. "बत्तीस," म्हणालो.

"अरे बेरीज नको, गुणाकार! खोली म्हणजे खोकं. खोक्यात हवा किती मावते? बाराशे घनफूट." त्यांनी भट्टीतला कोळसा उचलून भिंतीवरच लिहिलं.

शेठ दारात होते. "हवा मोजायला कशाला पाहिजे? एक पंखा आणा नि लावा की. स्वयंपाकघरात लावतात तसला."

"शेठ, तुम्ही सोनं डोळ्याने मोजता का?" वायरमनभाऊ म्हणाले. "फोडणीचा धूर असता तर तसला चालला असता. हे तेजाब आहे. या खोलीतली बठ्ठी हवा दर दोन मिनिटाला नवी झाली पाहिजे. म्हणजे मिनिटाला सहाशे घनफूट. नऊ इंची पंखा कागदावर तेवढं ओढतो. पण कागदावर. पुढे जाळी बसवणार, पाइपाला बाक देणार, त्यात त्याचा दम जातो. बारा इंची घ्या. मोटर बंदिस्त पाहिजे, नाहीतर तेजाब सहा महिन्यांत तिला खाऊन टाकेल. पात्यांना डांबरी रंग द्या."

मग ते नानांकडे वळले. "आणि नाना, भांडं इथं कोपऱ्यात नाही ठेवायचं. पंख्याच्या तोंडाशी ठेवायचं. तुम्ही अलीकडे, भांडं मध्ये, पंखा पलीकडे. धूर तुमच्या नाकावरून जाता कामा नये."

"आन् वारं कोठेन येई?" नानांनी विचारलं.

"समोरच्या भिंतीत, खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर झरोका पाडू. पंखा जेवढं आत येतं तेवढंच बाहेर फेकतो. त्याला खायला घातलं नाही तर तो ओकणार कसा?"

नाना हसले, पण झरोक्याच्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले. त्या जागेखालीच त्यांची केराची पेटी होती.

बंदिस्त मोटरचा बारा इंची पंखा जळगावात तेव्हा लगेच मिळेना. धुळ्याला जुन्या यंत्रांच्या बाजारात मिळेल, एका बंद पडलेल्या गिरणीचं सामान तिथे आलंय, असं वायरमनभाऊंना कळलं होतं. मला पाठवलं. पैसे पोटाशी बांधून, पारोळ्यापर्यंत दोनदा चाचपून, मी धुळ्याला उतरलो. पंखा मिळाला. ओतीव लोखंडाच्या चौकटीचा, इतका जड की तो मांडीवर घेऊन बसल्यावर पायाला मुंग्या आल्या. परतीच्या गाडीला वेळ होता आणि समोरच्या फलाटाला पिंपळनेरची गाडी लागलेली होती. तिच्या पाटीकडे मी बघत राहिलो. वर्ष होत आलं होतं घरी जाऊन. आईला मी काय काम करतो हे नीट ठाऊकही नव्हतं. तेजाब म्हणजे काय हे तिला कसं सांगायचं, म्हणून मी कधी सांगितलंच नव्हतं. गाडी निघून गेली. पंखा मांडीवर होता म्हणून उठलो नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

जळगावच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "हे काय, नवरी आणतोस का घरी? तिचं तिकीट काढ." आख्खी गाडी हसली. मीही हसलो. खरं तर तेव्हा मी फार खुशीत होतो. नानांचा श्वास मांडीवर घेऊन चाललोय असं वाटत होतं.

पंखा बसला. झरोका पडला. वायरमनभाऊंनी बटण दाबलं आणि वर्तमानपत्राचं एक पान पंख्याच्या जाळीसमोर धरलं. ते त्यांच्या हातातून सुटलं आणि जाळीला जाऊन असं चिकटलं की काढताना फाटलं. "बघा," ते म्हणाले, "असा ओढला पाहिजे." त्या दिवशी पहिल्यांदा मी तेजाबाचा धूर सरळ जाताना पाहिला. भांड्यातून निघायचा, वर वळायचा आणि जाळीत नाहीसा व्हायचा, जसं कुणी दोरी ओढून घेतंय. नाना अलीकडे बसून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी होतं.

पुढचे दिवस बरे गेले. खोकला कमी झाला. नाना रात्री झोपायला लागले, असं त्यांच्या घरून सांगायला आले. नानी, म्हणजे त्यांची बायको, एकदा धरणगावच्या शेवया घेऊन आल्या आणि पंख्याला बघून त्यांनी हात जोडले. "देवच शे हाऊ," म्हणाल्या. नाना म्हणाले, "देवले वीजबिल येत नही!"

मग एक माल आला. मोठा होता, दोन-तीन सराफांचा मिळून. नानांनी गाळला, धुतला, वितळवला, लगड शेठच्या हातात दिली. शेठनी वजन केलं. मग पुन्हा केलं. मग तराजूच्या पारड्याला फुंकर मारून तिसऱ्यांदा केलं. अंदाजापेक्षा कमी भरलं होतं. फार नाही, थोडं. एरवी शेठ अशा वेळी आरडाओरडा करत, सराफाला शिव्या देत, सगळा हिशेब मोठ्याने मांडत. त्या दिवशी त्यांनी तराजू पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि म्हणाले, "असू दे."

एवढंच. असू दे.

त्या दिवशी नाना घरी गेले तेव्हा दारात धोतर झटकत बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेलो तर पंख्याच्या जाळीवर ओलं मलमल ताणून बांधलेलं होतं. आतल्या बाजूने, चारही टोकांना सुतळीने, ढोलकीच्या चामड्यासारखं घट्ट. समोरच्या झरोक्यात गोणपाटाचा बोळा कोंबलेला होता.

"हाई काय नाना?" मी विचारलं.

"धूर जाई, सोनं ऱ्हाई," ते म्हणाले. "मलमलमधून हवा जास, कण जात नही. आपण गाळणी करतस नं, तशीच ही बी गाळणी." आणि झरोक्याकडे बोट दाखवून, "तो पेटीतला केर उडावत व्हता."

मला ते पटलं. मला काय, कुणालाही पटलं असतं. शेठ डोकावले, त्यांनी मलमल बघितलं आणि मान हलवली, म्हणजे बरं केलंत. आमच्या धंद्यातली ती नेहमीची रीत होती. घामाचं फडकं जाळतो, तसं हेही दिवाळीआधी जाळायचं. पंखा पूर्वीपेक्षा जास्त घोंघावत होता. तो जोरात चाललाय असंच आम्हाला वाटलं. खोकला पुन्हा थोडा वाढला, तर नाना म्हणाले, धुळीचे दिवस आहेत.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे त्या सणाला सोनं घेण्याची रीत, लेकी माहेरी येण्याची रीत. बाजारात पाय ठेवायला जागा नसते. माल इतका आला की एका भांड्यात नेहमीच्या दुप्पट घालावा लागला. सकाळची वेळ होती. मी पुढे शेठकडे तयार लगडी पोचवायला गेलो होतो. परत आलो तर खोलीच्या दाराच्या काचेमागे काही दिसत नव्हतं. नुसता तांबडा रंग. जशी काचच कुणी रंगवली आहे.

मी दार ढकललं. आतून तो रंग पायांवर आला. ओरडलो, "नाना!" आतून खोकला आणि मग त्यांचा आवाज, "दार लाव, दार लाव, व्हयनं, व्हयनं!" मी आत जायला पाऊल टाकलं तर घसा चिरल्यासारखा झाला, डोळे मिटले, मागेच पडलो. नाना थोड्या वेळाने बाहेर आले. डोळे लाल, धोतराचा सोगा नाकाला, आणि हसत होते.

"उतू चालनं व्हतं," ते म्हणाले. "बठ्ठ्या गावनं सोनं त्याम्हा. सोडी येऊ कसा?"

"नाना, दवाखान्यात चला."

"काबर? मले काही व्हयनं नही. देख." त्यांनी छाती ठोकून दाखवली. "दोंडाईचानी मिरची तुले लागनी नही, मले तेजाब लागी का?"

शेठ धावत आले. त्यांनी नानांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. नानांनी चूळ भरली. दुपारी आम्ही दोघांनी शेजारी बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. नानांनी एक भाकरी जास्त घेतली. मला म्हणाले, "तू उगाच भ्यास." मला स्वतःचीच लाज वाटली. मी आहेच भित्रा, असं मनात म्हटलं.

उन्हं कलली तेव्हा ते ओट्यावर टेकून बसले होते. मी केर भरत होतो. त्यांनी हाक मारली, पण नाव घेऊन नाही, नुसता आवाज. वळून बघतो तर ते दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे झुकलेले, खांदे वर-खाली होतायत आणि छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येतोय. कोरडा खोकला नव्हता तो. ओठ जांभळे झाले होते. मग तोंडातून फेस आला. गुलाबी. मी तो फेस हाताने पुसला आणि माझ्या हाताकडे बघत राहिलो. माझं डोकंच चालेना. सकाळी काही झालं नव्हतं. दुपारी भाकरी खाल्ली होती. हा माणूस आता का मरतोय?

शेजारच्या सराफांनी, त्या छपरावर सोनं पडेल म्हणणाऱ्यांनीच, धावत जाऊन रिक्षा आणली. नाना माझ्या मांडीवर होते. रिक्षा आखाजीच्या गर्दीतून जात होती, बायका झोक्याचे दोर विकत घेत होत्या, आणि मी ओरडत होतो, "बाजू व्हा, बाजू व्हा," पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी लगेच नळी लावली, सुया टोचल्या आणि मग आमच्याकडे वळले. "काय हुंगलं यांनी?"

"तेजाबाचा धूर," शेठ म्हणाले.

"कधी?"

"सकाळी."

"सकाळी? आणि आत्ता आणता?"

"त्यांना काही झालंच नव्हतं डॉक्टर," मी म्हणालो. "हसत बाहेर आले. जेवले."

डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ती मी विसरत नाही. रागाची नव्हती. "हा वायू तसाच असतो," ते म्हणाले. "आधी काही करत नाही. आत जाऊन बसतो, आणि सात-आठ तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. माणूस आतल्या आत बुडतो. सकाळीच आणायला हवं होतं, हसत असले तरी."

हसत असले तरी. चाळीस वर्षं या धुरात काढलेल्या माणसाला, शेठला, गल्लीतल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं, तेजाब जिथे लागतं तिथे लगेच जळतं. जळलं नाही म्हणजे लागलं नाही.

आधीच सांगून टाकतो, नाना वाचले. पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ते कुणी सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायरमनभाऊ खोलीवर आले. त्यांना कळलं होतं. चेहरा उतरलेला. "पंखा बंद पडला का?" त्यांनी दारातूनच विचारलं. "मोटर जळली का?"

"नाही, चालू होता," मी म्हणालो.

"मग हिशेब चुकला माझा." ते भिंतीवरच्या कोळशाच्या आकड्यांपुढे उभे राहिले, बोटाने पुन्हा गुणाकार करत. "नाही चुकला. मग कसं?" आणि मग त्यांनी पंख्याकडे बघितलं.

त्यांनी बटण दाबलं. पंखा घोंघावला. वर्तमानपत्राचं पान मलमलसमोर धरलं आणि सोडलं. पान खाली पडलं. सरळ, सावकाश, जमिनीवर. पुन्हा उचलून सोडलं, पुन्हा पडलं. मग त्यांनी सुतळी कापली, मलमल ओढून काढलं, झरोक्यातला बोळा उपसला. पंख्याचा आवाज एकदम उतरला, गुळगुळीत झाला. पान हातातून सुटून जाळीला जाऊन आदळलं.

वायरमनभाऊ उंबऱ्यावर बसले. "कुणी बांधलं हे?"

"नानांनीच."

"कशासाठी?"

मी सांगितलं. ते उठले. तोंडातली सुपारी थुंकून आले आणि पुन्हा तिथेच बसले. इतके दिवस नाना रोज सकाळी येऊन ते फडकं पुन्हा ओलं करायचे. त्या फडक्याला पाणी मी आणून द्यायचो.

शेठनी ते मलमल जाळलं. दिवाळीची वाट बघितली नाही. दार लावून, मला समोर बसवून, मुशीत घालून, टाकणखार टाकून त्यांनी स्वतः फुंकलं. तोवर मी त्यांना भट्टीपाशी बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मूस थंड झाली, फोडली. खसखशीच्या दाण्याएवढा एक पिवळा ठिपका निघाला. शेठनी तो चिमट्याने उचलून तळहातावर घेतला. श्वास लागला असता तर उडून गेला असता इतका हलका. तराजूत तो टाकण्यात अर्थच नव्हता.

"एवढंच?" ते म्हणाले. कुणाला विचारत होते, कळलं नाही.

नाना बोलायला लागले तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या खाटेपाशी होतो. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. दंडाला सुई. तेजाबाने पिवळट झालेली त्यांची बोटं चादरीवर पडलेली. त्यांनी डोळ्यांनी मला जवळ बोलावलं, मुखवटा जरासा उचलला. मला वाटलं, नानींचं विचारतील.

"मलमल जाळं का?" त्यांनी विचारलं. एका दमात नाही, तीन दमांत.

"हो नाना."

"कितलं निघनं?"

मी शेठकडे बघितलं. पुष्कळ निघालं म्हणावं, तर हा माणूस बरा होऊन पुन्हा फडकं बांधेल. काहीच नाही म्हणावं, तर मग घट कुणाच्या हातात राहिली? मला खोटं सुचलंच नाही. "खसखसएवढं," म्हणालो.

त्यांचे डोळे छताकडे गेले. मी त्यांची छाती बघत होतो. वर जायची, थांबायची, खाली यायची.

"मंग घट गयी कोठे?"

मी हादरलो. हा माणूस बुडत होता, आणि त्या पाण्यातही तो घट शोधत होता.

शेठ खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी खाटेची दांडी धरली. "नाना," ते म्हणाले, "घट मालातच होती. घेताना मी कस नीट लावला नव्हता. एका सराफाची पाटली वरून सोन्याची, आतून तांब्याची होती. दुसऱ्याच दिवशी त्यानेच येऊन मला सांगितलं होतं."

नानांनी मान वळवली. ती एवढी वळवायलाही त्यांना वेळ लागला.

"तवय काबर नही बोलनात?"

बाजूच्या खाटेवरचा माणूस कण्हत होता. वरचा पंखा कुरकुरत होता.

"मला वाटलं," शेठ म्हणाले, "तुम्ही विसरला असाल."

"मी?" नाना म्हणाले.

सिस्टर धावत आली, मुखवटा का काढला म्हणून माझ्यावर ओरडली आणि तिने तो परत नीट बसवला. नाना काही म्हणत होते, पण त्या मुखवट्याच्या आत नुसती वाफ धरत होती. शेठ तसेच उभे. बसायला खुर्ची नव्हती, एक स्टूल होतं त्यावर मी होतो. मी उठलो, पण ते स्टुलावर बसले नाहीत. पांढऱ्या धोतरानिशी ते खाटेशेजारी खाली फरशीवर बसले, जिथे लोकांचे पाय जात होते, औषधाचं पाणी सांडलं होतं. गादीवर बसणारा माणूस, आणि नाना नेहमी त्याच्या खालच्या पायरीवर. आता ते वर होते.

नानांनी डोळे मिटले. मी मुखवट्यातल्या वाफेकडे बघत उभा राहिलो. ती यायची, जायची, पुन्हा यायची.